परीक्षानळीतलं रक्त आणि अंगातलं रक्त

ऊस तोडताना कोयता निसटला किंवा गवत कापताना विळा बोटाला लागला, की शेतातल्या माणसाचा हात बांधावरच्या एका तणाकडे जातो. कुणी त्याला दगडी पाला म्हणतं, कुणी एकदांडी, कुणी कंबरमोडी. लांब सडपातळ दांड्याच्या टोकाला एकच फिकट पिवळं फूल आणि जमिनीलगत पसरलेली खरखरीत लवदार पानं. चार-सहा पानं तळव्यावर चोळायची, हिरवा रस सुटला की चोथ्यासकट जखमेवर दाबायची आणि वरून फडकं गुंडाळायचं. थोडं चुणचुणतं. मग रक्त थांबतं आणि माणूस पुन्हा कामाला लागतो.

या तणाचं शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. ते मूळचं अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं, म्हणजे आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांत ते असण्याचं कारण नाही. ‘पूर्वापार’ म्हणून आपण जे सांगतो, त्यातलं बरंचसं लोकांनी अलीकडच्या काही शतकांत स्वतः पाहून, वापरून जमवलेलं आहे. मला यात लोकांच्या निरीक्षणाचा मोठेपणाच दिसतो.

पण रक्त नक्की कशानं थांबलं? श्रेय मागणारे इथे तिघं आहेत. एक पाला. दुसरा अंगठा, कारण कुठल्याही जखमेवर काही मिनिटं घट्ट दाब दिला की रक्त मंदावतं. तिसरं आपलं शरीर. किरकोळ कापलेल्या बोटाचं रक्त काहीही न लावता काही मिनिटांत आपोआप थांबतं. या तिघांचा वाटा वेगळा काढायचा, तर आधी शरीर काय करतं ते पाहायला हवं.

रक्तवाहिनी कापली गेली की ती पहिल्यांदा स्वतःला आवळून घेते. लगेच रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म चकत्या फाटलेल्या जागी चिकटतात, एकमेकींना हाका मारणारी रसायनं सोडतात आणि त्यांचा गठ्ठा तयार होतो. हा गठ्ठा कच्चा असतो, नुसत्या धक्क्यानंही निघू शकतो. तो पक्का करण्यासाठी रक्तद्रवातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात. एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि अखेरीस थ्रॉम्बिन तयार होऊन ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणारे धागे बनवतं. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की गुठळी झाली. या साखळीला पावलोपावली कॅल्शियम लागतं. साखळीतली चार प्रथिनं, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाचे घटक, यकृतात नीट बनण्यासाठी के जीवनसत्त्व लागतं. कॅल्शियम आणि के जीवनसत्त्व ही दोन नावं ध्यानात ठेवा, पुढे त्यांच्यावाचून काही कळणार नाही.

जखमेवर लावलेल्या बहुतेक वनस्पती या साखळीत शिरतही नाहीत. त्यांचा मार्ग अगदी साधा आहे. हिरडा चघळला, कच्चं केळं खाल्लं की तोंड आवळून येतं, ते टॅनिनमुळे. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला पकडून त्याचा साका करतं. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं चामडं कमावतात ते याच गुणावर. जखमेवर पडलेलं टॅनिन रक्तातली आणि कापलेल्या कडांवरची प्रथिनं अशीच गोठवतं आणि वर एक पातळ थर धरतो. दाढी करताना कापलं तर न्हावी तुरटी फिरवतो, तिची करामतही याच जातीची. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत: तुरट द्रव्यांनी जखमेच्या कडा सांधणं, थंडाव्यानं रक्त गोठवणं, राखेनं कोरडं करणं आणि डाग देऊन शिरा आकसवणं. आजच्या शल्यगृहात विजेच्या उपकरणानं रक्तवाहिनीचं तोंड जाळून बंद करतात, तो यातला चौथाच उपाय. यादी करणाऱ्यानं जखमा खूप पाहिल्या होत्या, हे कळायला फार भाष्य लागत नाही.

आता प्रयोगशाळेत जाऊ. शिरेतून काढलेलं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. नळीत सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. सायट्रेट कॅल्शियमला बांधून टाकतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. नळी यंत्रात गरगर फिरवली की पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर रक्तद्रव उरतो. तो ३७ अंश सेल्सियसला ठेवायचा, त्यात गोठण्याची साखळी सुरू करणारं थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालायचं आणि सेकंद मोजायचे. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात साधारण ११ ते १३ सेकंदांत फायब्रिनचे धागे धरतात. या चाचणीला प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणतात. रुग्णालयाच्या भाषेत नुसतं ‘पीटी’.

वनस्पतीचा अर्क तपासायचा तर तो या रक्तद्रवात थोडा घालायचा आणि वेळ वाढतो की घटतो ते पाहायचं. उपकरणं साधी, खर्च कमी, निकाल त्याच दिवशी. आपल्याकडच्या औषधनिर्माण महाविद्यालयांत हा प्रयोग आवडता असावा, यात नवल नाही. पानं सावलीत वाळवायची, कुटायची, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढायचा, आणि आठवड्याभरात ‘अमुक वनस्पतीत रक्त गोठण्यास विरोध करणारा गुण आढळला’ असं वाक्य लिहिता येतं. वाक्य खोटं नसतं. फक्त ते नळीपुरतं खरं असतं.

कारण नळीत फसायला वाव फार. पुष्कळ पानांत ऑक्झॅलेट असतं. अळू घशाला खाजतं ते त्याच्याच स्फटिकांमुळे. विरघळलेलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला पकडतं, म्हणजे सायट्रेटचंच काम करतं. एके काळी रक्त न गोठता ठेवण्यासाठी प्रयोगशाळांत ऑक्झॅलेटच वापरत. तेव्हा असा अर्क नळीत घातला आणि रक्त गोठायला वेळ लागला, तर त्या पानात औषध सापडलं असं होत नाही. कॅल्शियम कमी पडलं एवढंच. टॅनिन तर दोन्हीकडून घोटाळा करतं. ते फायब्रिनोजेनचा साका करून गुठळी झाल्यासारखं दाखवतं, नाहीतर गोठवणारी प्रथिनंच निकामी करून गुठळी होऊ देत नाही. आणि तोच अर्क पोटात गेला, तर टॅनिन आतड्यातच अन्नातल्या प्रथिनांना चिकटून बसतं, फारसं रक्तात पोचत नाही.

यातला सगळ्यांत बोलका दाखला आपल्या कुंपणावर आहे. मोगली एरंड कुणाला माहीत नाही? जनावरं तोंड लावत नाहीत, म्हणून शेताच्या कडेनं लावतात. त्याचं पान तोडलं की देठातून पाण्यासारखा चीक टपकतो. गवताच्या काडीची कडी करून ती या चिकात बुडवून फुंकर मारायची, की साबणाच्या फेसासारखे फुगे उडतात. गावाकडे वाढलेल्या अनेकांनी हा खेळ खेळलेला असतो. (बिया मात्र विषारी. त्या खाऊन मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात.) वाहती जखम थांबवायला हा चीक लावण्याची रीत भारतात आहे, तशी आफ्रिकेतही आहे. नायजेरियातल्या संशोधकांनी तो मानवी रक्तावर तपासला आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शुद्ध चीक घातला तेव्हा रक्त गोठायचा वेळ घटला. तोच चीक पाण्यानं पातळ करून घातला तेव्हा वेळ वाढला, आणि खूपच पातळ केला तर रक्त गोठलंच नाही. पुढे त्यांनी वेगवेगळ्या द्रावकांनी चिकाचे भाग पाडले, तेव्हा एका भागात गोठवणारा गुण निघाला आणि दुसऱ्यात त्याच्या नेमका उलटा.

म्हणजे ‘मोगली एरंड रक्त गोठवतो का?’ या प्रश्नाला होय आणि नाही ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्नच अपुरा आहे. केवढा, कोणत्या रूपात आणि कुठे, हे सांगितल्याशिवाय कुठल्याही वनस्पतीच्या अर्काबद्दल काही म्हणण्यात अर्थ नसतो.

नळी नसलेला गुण दाखवते, तशी असलेला गुण लपवतेही. आणि तिनं लपवलेला गुण वनस्पतींनी वैद्यकाला दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक आहे.

१९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात गुरं मरू लागली. शिंगं छाटली, खच्चीकरण केलं, एवढ्या साध्या कारणानं सुरू झालेला रक्तस्राव थांबेना. कधी कधी तर काही न करताही कातडीखाली रक्ताच्या गाठी येत आणि जनावर आडवं होई. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी माग काढला तेव्हा दोष चाऱ्याकडे गेला. गुरांना स्वीट क्लोव्हर नावाचा चारा घालत. आपल्या मेथीच्याच गणातली ही वनस्पती, वाळवल्यावर गोड वास येणारी. हा वास कुमारिन नावाच्या द्रव्याचा. स्कोफील्ड यांनी एकाच गंजीतले चांगले आणि बुरशी आलेले देठ निवडून वेगळे केले आणि सशांना खाऊ घातले. चांगले देठ खाणारे तगले, बुरशीचे खाणारे रक्तस्रावानं मेले. त्यांचा सल्ला सरळ होता: हा चारा टाकून द्या. पण ते हलाखीचे दिवस होते आणि दुसरा चारा विकत घ्यायला शेतकऱ्यांकडे पैसा नव्हता. नॉर्थ डकोटात ली रॉडरिक यांनी पुढे दाखवलं की या गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे साखळीतला दोन क्रमांकाचा घटक, कमी पडतो.

फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिनमधल्या डीअर पार्क भागातला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळात गाडी घेऊन निघाला आणि सुमारे तीनशे किलोमीटर कापून मॅडिसनला पोचला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि पन्नास किलोच्या आसपास खराब चारा. शनिवार असल्यामुळे सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद होतं. फिरत फिरत तो कृषी-रसायनशास्त्राच्या इमारतीत कार्ल पॉल लिंक यांच्या दारात आला. लिंक त्याला एवढंच सांगू शकले की हा चारा घालू नकोस आणि जमलं तर जनावरांना चांगलं रक्त दे. कार्लसन परत गेला, पण त्याचं रक्ताचं कॅन प्रयोगशाळेत राहिलं.

द्रव्य शोधायला लिंक यांच्या चमूला सहा वर्षं लागली. उशीर का झाला, ते आता आपल्याला कळेल. हे द्रव्य परीक्षानळीत काहीच करत नाही! रक्तात घाला, रक्त नेहमीच्याच वेळेत गोठतं. म्हणून प्रत्येक टप्प्याला अर्क सशाला खाऊ घालायचा, वाट पाहायची, मग सशाचं रक्त तपासायचं, असं रेटत न्यावं लागलं. जून १९३९ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पबेल यांच्या हाती अवघे सहा मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक आले. पुढच्या वर्षभरात त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवताही आलं. हे डायकुमारॉल. चाऱ्यातलं मूळचं कुमारिन रक्ताला अपाय करत नाही. बुरशी त्यात बदल करते आणि असे दोन बदललेले रेणू जोडले जाऊन घातक द्रव्य होतं. त्यामुळे ‘कुमारिन असलेली वनस्पती रक्त गोठू देत नाही’ हे विधान, जे आजही बऱ्याच ठिकाणी छापलेलं दिसतं, ते चूक आहे.

डायकुमारॉलच्या भावंडांपैकी एक लिंक यांनी उंदीर मारायला सुचवलं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं वॉरफरीन. उंदराचं औषध माणसाला द्यायला डॉक्टर बिचकत होते. १९५१ मध्ये अमेरिकेच्या लष्करातल्या एका तरुणानं जीव देण्यासाठी ते भरपूर खाल्लं आणि के जीवनसत्त्व दिल्यावर तो खडखडीत बरा झाला. विषाला खात्रीचा उतारा आहे हे कळल्यावर बिचकणं संपलं. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं.

नळीत ते का चालत नाही, याचं उत्तर के जीवनसत्त्वात आहे. हे जीवनसत्त्व डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवरच्या प्रयोगांतून शोधलं. १९४३ च्या नोबेलचा निम्मा वाटा त्यांना मिळाला. यकृत गोठण्याची प्रथिनं बनवतं तेव्हा हे जीवनसत्त्व वापरून निकामी होतं आणि एक एन्झाइम त्याला पुन्हा कामाजोगं करतं. वॉरफरीन या एन्झाइमला अडवतं. मग यकृत अर्धवट प्रथिनं बनवतं, ज्यांना कॅल्शियम धरून ठेवता येत नाही. नळीत यकृत नसतं, आणि प्रथिनं तर आधीच तयार होऊन आलेली असतात. अंगातसुद्धा जुनी प्रथिनं संपेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून गोळी सुरू केल्यावर तिचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस आणि पुरा व्हायला आठवडाभरही लागतो.

आपल्याकडे वॉरफरीनपेक्षा त्याचं चुलतभावंड असलेलं असिनोकुमारॉल जास्त दिलं जातं. लहानपणी संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेले आणि मग कृत्रिम धातूची झडप बसवलेले हजारो रुग्ण महाराष्ट्रात आहेत. खिशात ‘असिट्रोम’ची पाकिटं आणि पिशवीत ‘आयएनआर’च्या नोंदींची वही घेऊन ते सरकारी रुग्णालयाच्या रांगेत बसलेले दिसतात. आयएनआर म्हणजे मघाच्या पीटीचंच सर्वत्र सारखं वाचता येणारं रूप. निरोगी माणसात ते एकच्या आसपास असतं, या रुग्णांत बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात, काही झडपांसाठी थोडं वर. कमी झालं तर झडपेवर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव.

या रुग्णांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पालेभाजी बंद’. तो सोपा आहे आणि माझ्या मते वाईट आहे. शंभर ग्रॅम पालकात चार-पाचशे मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं हे खरं, आणि श्रावणात अचानक रोज पालेभाजी सुरू झाली की आयएनआर खाली येतं हेही खरं. पण भाजी अजिबात बंद केलेल्या माणसाचं आयएनआर एखाद्या पंगतीतल्या अळूच्या फदफद्यानंही हेलकावे खातं. दर आठवड्याला साधारण तेवढीच भाजी ठेवायची आणि गोळीचा डोस त्या बेतानं ठरवायचा, हे धोरण जास्त शहाणपणाचं.

भाजीपेक्षा मला भीती वाटते ती डब्यातल्या कॅप्सूलची. आमटीत पडणारी चिमूटभर हळद आणि कुर्क्युमिन एकवटून केलेली कॅप्सूल यांत नाव सोडून फारसं काही सारखं नाही. न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. वॉरफरीनवर आयएनआर स्थिर असलेल्या या रुग्णानं हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर दहाच्या वर गेलं. लसणाचंही तेच. ठेचलेल्या लसणाच्या द्रव्यापासून तयार होणारं अजोइन प्लेटलेटना एकत्र येऊ देत नाही, हे १९८४ मध्ये दाखवलं गेलं. पण तेलात कडकडून तडतडलेल्या फोडणीत ते घडवणारं एन्झाइमच जळून जातं. कच्चा लसूण रोज मूठभर खाणाऱ्यानं आणि लसणाच्या गोळ्या घेणाऱ्यानं काळजी करावी, लसणाची चटणी खाणाऱ्यानं नव्हे.

अ‍ॅस्पिरिनबद्दलचा एक गैरसमजही इथेच खोडून टाकतो. नदीकाठच्या वाळुंजाच्या सालीत ‘नैसर्गिक अ‍ॅस्पिरिन’ असतं, असं सांगितलं जातं. सालीत सॅलिसिन असतं. अ‍ॅस्पिरिनमधला अ‍ॅसिटिल गट मात्र रसायनशास्त्रज्ञांनी जोडलेला आहे. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये तो जोडला. प्लेटलेटचं एन्झाइम कायमचं बंद पाडतो तो हाच गट, आणि म्हणूनच प्लेटलेटच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात ते पुन्हा सुरू होत नाही. सालीचा काढा वेदना थोडी कमी करेल. हृदयविकाराच्या रुग्णानं अ‍ॅस्पिरिन सोडून तो घेतला तर तो स्वतःला फसवतो आहे.

डेंग्यूतल्या पपईच्या पानांच्या रसाबद्दल लोक फार विचारतात, म्हणून दोन ओळी. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि ताप गेल्यावर काही दिवसांत आपोआप चढतात. याच काळात रस प्यालेल्या प्रत्येकाला तो लागू पडल्यासारखा वाटणारच. शिवाय डेंग्यूत जीव जातो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब कोसळल्यानं. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या घरात हे लक्षण निसटतं.

तेव्हा तुम्ही किंवा घरातलं कुणी असिट्रोम, वॉरफरीन, क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन घेत असेल, तर रोजचा काढा, आसव, हळदीची किंवा लसणाची कॅप्सूल, ग्रीन टी, जे काही पोटात जातं ते डॉक्टरांना डब्यासकट दाखवा. ‘ते काय, झाडपाल्याचं आहे’ म्हणून वगळू नका. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर अशी पूरक औषधं किती दिवस आधी थांबवायची हे विचारून घ्या. बहुतेक डॉक्टर एक ते दोन आठवडे सांगतात. पण झडपेची गोळी मात्र डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एक दिवसही स्वतःहून बंद करू नका.